चौथी खाट

माझ्या लॉजवर अकरा खोल्या आहेत आणि खाली स्वयंपाकघरात एक लांब टेबल आहे. पाठीवर पिशव्या घेऊन फिरणारे लोक संध्याकाळी तिथे नकाशे पसरून बसतात. आठ दिवसांत अख्खा देश बघायचा असतो त्यांना. खारं वाळवंट, खाणी, जंगल, सगळं. मी चुन्यो, म्हणजे थंडीत गोठवून वाळवलेला बटाटा, सोलता सोलता ऐकते आणि मग सांगते, "हे खोड. इथे गाडी मंगळवारीच जाते. इथे रात्री पोचलात तर कुत्र्यांशिवाय कुणी भेटायचं नाही." मी दोनच वर्षं शाळेत गेले, पण कोपाकाबानात पंचवीस वर्षं मी परक्या लोकांचे बेत दुरुस्त केलेत. लोक मला दोन्या, म्हणजे बाई, म्हणतात; या दोन्या कासिल्दाने सांगितलेल्या वाटेवर कुणी अडकलं, असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

म्हणून माझ्याच घरात, माझ्याच पाठीमागे बेत ठरला, तेव्हा मला जास्त लागलं.

ऑक्टोबर सरत आला होता. माझी नात मार्लेनी तिकडे ला पाझ शहरात नर्सिंग शिकते; ती सुट्टीला आली ती खांद्याला भलीमोठी निळी पिशवी लावून. कमरेला पट्टे, छातीला पट्टे. मी म्हटलं, "हे काय, गाढवाचं खोगीर कुठून आणलंस?"

"मैत्रिणीचं आहे, आजी. रोसमेरीचं. आम्ही फिरायला चाललोय. आई, मी आणि रोसमेरी."

तिची आई म्हणजे माझी सून बेनिता. ती चुलीजवळ होती. तिने मान वर केली नाही.

"कधी?"

"अठ्ठावीसला निघू. आठ दिवस. सोराताकडे."

सोराता म्हटल्यावर मला सगळं कळलं. माझा मुलगा फ्रोइलान त्या रस्त्याने ट्रक चालवायचा, सोन्याच्या खाणींपर्यंत माल पोचवायचा. दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबरच्या शेवटी, सोरात्याच्या खालच्या पुलाजवळ रस्ता खचला आणि ट्रक नदीत गेला.

"आणि मृतांचा सण?" मी विचारलं. "एक तारखेला दुपारी बारा वाजता तो घरी येणार. त्याचं टेबल कोण मांडणार? मी एकटी?"

"आम्ही पुलाजवळ मांडणार," बेनिता म्हणाली. "तिसरं वर्ष आहे, आई. निरोपाचं."

"दुसरं."

"तिसरं."

"दुसरं!" मी हातातला चुन्यो भांड्यात आपटला. त्यापुढे आम्ही दोन दिवस बोललो नाही.

हे भांडण जुनं आहे. आमच्याकडे माणूस गेल्यावर तीन वर्षं त्याच्यासाठी टेबल मांडतात. तिसऱ्या वर्षी त्याला पोटभर खाऊ घालून निरोप द्यायचा. त्यानंतर तो पुन्हा यायचा नाही, आणि आपणही त्याला बोलवायचं नाही. फ्रोइलान गेला त्या पहिल्या नोव्हेंबरला त्याचा देह मिळालेला नव्हता. बेनिता टेबल मांडायला लागली, तर मी चादर ओढून काढली. म्हटलं, माझा मुलगा मेलेला नाही, कुठेतरी दरीत पाय मोडून पडलाय, कुणीतरी त्याला सूप पाजत असेल. ती उठली, माहेरी गेली आणि तिथे मांडून आली. मग मे महिन्यात नदी उतरली आणि तो सापडला. गेल्या नोव्हेंबरला मी माझ्या हाताने पहिलं टेबल मांडलं. तिच्या हिशेबाने ते दुसरं.

आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. गेल्या वर्षी सणाचे पाव भाजताना मी पिठाची बाळं केली, घोडे केले, सूर्य केला. शिडी केली नाही. पावाची शिडी लागते. तिच्यावरून आत्मा उतरतो आणि तिच्यावरूनच परत वर चढतो. बेनिताने विचारलं, शिडी कुठाय? मी म्हटलं, पीठ संपलं. पीठ अर्धं पोतं शिल्लक होतं. मला वाटलं, यायचं तर तो कसाही येईल, लहानपणी भिंतीवरून उड्या मारून यायचाच. पण जायला त्याला काही मिळू नये.

तिसऱ्या दिवशी दुपारी मार्लेनीची वही लांब टेबलावर पडलेली दिसली. आधीच्या दिवशीही ती तिथेच होती. मी उघडली. माझ्या घरातल्या टेबलावर जे पडतं ते माझं. मला अक्षरं जोडायला वेळ लागतो, पण आकडे मी झटकन वाचते. आणि बेत वाचायला आकडेच पुरतात.

वाचून मला हसू आलं. इतका भिकारडा बेत मी पंचवीस वर्षांत बघितला नव्हता. पहिल्या दिवशी तिकिनापाशी तळ्याची खाडी ओलांडून फक्त आचाकाचीपर्यंत, आणि तिथे मुक्काम! अहो, सकाळी निघालेलं माणूस दुपारी सोरात्यात जेवतं. मग सोरात्यात एक दिवस नुसतं बसायचं. मग पुलापर्यंत उतार, एका दिवसाची चाल, ती दोन दिवसांत. दर तासाला थांबा. एका ठिकाणी 'सावली, बसायला दगड' असं लिहिलेलं. विशीतल्या पोरींना बसायला दगड कशाला हवा?

मग मुक्कामांचा रकाना बघितला. आचाकाची, चार खाटा. सोराता, चार खाटा. वाटेत रोसमेरीच्या आत्याकडे, चार.

मी पुन्हा मोजलं. बेनिता, मार्लेनी, रोसमेरी. तीन.

मग माझ्या डोक्यात जे आलं ते आता सांगायला लाज वाटते, पण आलं. बेनिता एकेचाळीसची आहे. दिसायला नीट आहे. खाडीवरचा एक नाववाला हल्ली तिच्यासाठी मासे वेगळे काढून ठेवतो, हे मी बघितलं होतं. म्हणून घाई आहे तर. तिसरं वर्ष म्हणायचं, निरोप द्यायचा, आणि नव्या माणसाला सोबत घेऊन जुन्याच्या पुलावर जायचं.

मी वही घेऊन अंगणात गेले. दोघी चादरी वाळत घालत होत्या.

"बेत कुणी केला हा?" मी विचारलं.

"मी," मार्लेनी म्हणाली.

"नर्स होणार म्हणे. असा बेत माझ्या लॉजवर कुणी दाखवला असता तर मी त्याला कोकाच्या पानांचा चहा पाजून झोपवलं असतं. आचाकाचीत कोण राहतं गं? तिथे बघायला काय आहे?"

"काही नाही. गाडीत सलग बसून पाय सुजतात, म्हणून."

"तुझे?"

तिने पुढची चादर दोरीवर टाकली.

"आणि हा दगड? आणि हे तासातासाला थांबणं? तुमच्या पिशव्यांत दगडच भरणार आहात का?"

"उतार आहे, आजी. उतरताना गुडघ्यांवर येतं."

"माझ्या वयाचं कुणी असतं तर ठीक होतं!" मी म्हटलं आणि वही बेनितासमोर धरली. "आणि ही चौथी खाट कुणाची? नाव सांग त्याचं. माझ्या तोंडावर सांग."

बेनिताने हातातली चादर खाली ठेवली. तिला राग येईल असं मला वाटलं होतं. ती हसायला लागली आणि हसताहसता तिचे डोळे भरले.

"आई," ती म्हणाली, "तुम्हीच वाचा की परत. सुजणारे पाय कुणाचे? गुडघे कुणाचे?"

मला लगेच कळलं नाही. हे खरं सांगते. स्वतःला म्हातारी समजायची मला सवय नाही.

"मग विचारलं का नाही मला?" शेवटी मी म्हटलं.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," मार्लेनी म्हणाली. "त्या नदीचं तोंड बघणार नाही, असं तू म्हणालीस ना? आणि तू एकदा नाही म्हटलंस की मग तू स्वतःसुद्धा ते पुसू शकत नाहीस. म्हणून विचारलंच नाही. वही ठेवली टेबलावर."

"दोन दिवस!" बेनिता म्हणाली. "दोन दिवस ही येताजाता बघतेय, उघडली की नाही. मी म्हटलं, त्या रागात आहेत, हात लावणार नाहीत. तर म्हणाली, आजीला दुसऱ्याचा बेत न सुधारता झोप लागत नाही."

मी वही मिटली आणि आत गेले. त्या दिवशी मी खूप वेळ चुन्यो सोलला. भिजवलेलं सगळं संपलं तरी हात चालतच होते.

एका पोरीने माझ्यासाठी वाटेवरचे दगड शोधले होते. रोसमेरीला फोन करून विचारलं असणार, कुठे सावली आहे, कुठे टेकता येईल. मी मात्र माझ्या मुलासाठी साधी शिडी केली नव्हती. दोन वर्षं मी त्याला जिवंत धरून ठेवलंय असं मला वाटत होतं. खरं तर तो बिचारा माझ्या दारात उभा होता. आत यायला जागा नाही, वर जायला पायरी नाही, आणि त्याची आई पीठ संपलं म्हणून खोटं बोलतेय.

सव्वीस तारखेला मी कोपऱ्यावरच्या भट्टीवर गेले. भट्टीवाली एलोइसा म्हणाली, "दोन्या कासिल्दा, इतक्या लवकर? तुमचे पाहुणे यंदा आधीच जेवायला येणार का?"

"आम्हीच जातोय त्यांच्याकडे," मी म्हटलं. "तू तुझा विस्तव बघ. गेल्या वर्षी घोड्यांचे पाय करपवलेस."

बाळं केली, त्यांना बाजारातून आणलेले मुखवटे लावले. एकाला मिशी असलेला. मग शिडी केली. हातभर लांब, सात पायऱ्यांची, मधे चिरू नये म्हणून जाड. बेनिता शेजारी उभी होती. तिने ती बघितली आणि पुढे होऊन तिच्यावर अंडं फिरवलं. कुठलं वर्ष, ते आम्ही दोघीही बोललो नाही.

बेतातलं मी फक्त एकच बदललं. आचाकाचीची रात्र खोडली. पाय सुजले तर सुजले, तिथलं सूप मला चालत नाही. दगड तसेच ठेवले.

अठ्ठावीसला सकाळी लॉजला कुलूप लावलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. दोन परदेशी मुलं फाटकाशी उभी होती. त्यांनी खुणांनी विचारलं, बंद का? मी म्हटलं, "मालकीण फिरायला चालली आहे," आणि शेजारच्या लॉजकडे बोट दाखवलं. तिथल्या मालकिणीला माझ्या हातून मिळालेलं हे पहिलं गिऱ्हाईक.

मार्लेनीने ती निळी पिशवी उघडली. "आण आजी, शिडी यात ठेवते, वर मऊ स्वेटर टाकते."

"खोगिरात? पट्टे आवळलेस की तुकडे होतील." मी माझं रंगीत पाठकापड पसरलं. याच कापडात बांधून मी फ्रोइलानला चालता येईपर्यंत बाजारात नेलं होतं. शिडी त्यात ठेवली, दोन बाजूंनी दुमडून पाठीवर टाकली आणि छातीवर गाठ मारली. वजन काहीच नव्हतं.

"जड झालं तर मला दे," मार्लेनी म्हणाली.

"पुलापर्यंत माझ्याकडेच राहील," मी म्हटलं. "तिथून पुढे तो नेईल."