तिप्पट मार्कांची मशीन

माझा भाऊ क्लेटन मयतांचं लाइव्ह करतो. वसईच्या आमच्या गावात घरटी एक तरी माणूस परदेशात असल्यामुळे त्याला काम कमी पडत नाही. आमच्या घरातलं ते माणूस म्हणजे मोठी बहीण बेटी. कॅनडात तिचे कागद अडकलेत. एकदा बाहेर पडली तर परत घेणार नाहीत. आय आजारी पडली तेव्हाच तिने क्लेटनला सांगून ठेवलं होतं, पेटी बंद होण्याआधी मला आयचा चेहरा दिसला पाहिजे. बाकी तिने काहीच मागितलं नाही.

क्लेटनने मग लाइव्हच्या कॉम्प्युटरच्या आतलं सगळं बदललं. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम. नायगावच्या आपल्या फ्लॅटवर बसून तो मशीनच्या वेगाची टेस्ट लावायचा आणि घरी येऊन आम्हाला आकडा दाखवायचा. आधीच्या तिप्पट. शाळेत त्याची पास व्हायची मारामार, म्हणून मी म्हटलं, चला, आता तरी मार्क मिळाले. आयसुद्धा खाटेवरून हसली.

आय गेली तेव्हा मला काही वाटलं नाही. अजून वाटत नाही. मी खुर्च्या मांडल्या, आल्यागेल्याला चहा दिला.

एरवी क्लेटन सिमेटरीला लागून असलेल्या मार्सेल अंकलच्या खिडकीतून इंटरनेटची वायर ओढून आणायचा. जुन्या मशीनवर त्याचा भरवसा नव्हता. त्या दिवशी म्हणाला, एवढ्या ताकदीच्या मशीनला वायर कशाला, मोबाइलच्या नेटवर चालेल. पण मशीन कितीही पळाली तरी चित्र जायचं रेंजवरूनच. आणि मयताला अख्खा गाव लोटलेला, त्यातले निम्मे फोन उंच धरून आपापल्या माणसांना दाखवत होते.

आम्ही एकेकाने आयच्या कपाळाचा मुका घेतला. पेटी बंद झाली. बेटीच्या नावाची माती मीच टाकली. क्लेटनच्या स्क्रीनवर सगळं लख्ख दिसत होतं. तिकडे काय पोचतंय, हे बघायचं कोणालाच सुचलं नाही.

संध्याकाळी बेटीचा फोन आला. क्लेटनने स्पीकरवर टाकला.

"माझ्यासाठी किती वेळ पेटी उघडी ठेवलीत रे," ती म्हणाली. "आवाज येत नव्हता, पण आयचा चेहरा समोरून हलला नाही. लाइव्ह बंद होईपर्यंत मी तिच्याशी बोलत बसले. सगळं बोलून घेतलं."

ती आयशी बोलत होती तेव्हा इकडे पेटी मातीखाली गेलेली होती, तिच्याकडे चित्र अडकलेलं. क्लेटनने माझ्याकडे पाहिलं. सांगू नकोस म्हणून मी मान हलवली.

"फादरना सांगितलं होतं मी," क्लेटन म्हणाला. "थांबा म्हणून."

फादरना माझं थँक्यू सांग, ती म्हणाली. आणि त्याचं रेकॉर्डिंग पाठव.

मशीनमध्ये सगळं रेकॉर्ड झालं होतं, कुठेही न अडकता. मुके, पेटीचं झाकण, माती. क्लेटनने ते शेवटपर्यंत पाहिलं आणि पुसून टाकलं. मग बेटीला फोन लावून म्हणाला, मशीन खराब निघाली.