कुठेच नाही

"कुठं जाऊन राहिल्या, मावशी?"

हातात हेल्मेट धरलेल्या माणसाने तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा पुष्पलताबाईंच्या लक्षात आले की आपल्याभोवती दहाबारा माणसे जमली आहेत.

"कुठंच नाही. असंच फिरून राहिली मी."

"असंच म्हणजे?"

ओट्यावरच्या बाईने आपल्या मुलीला पोटाशी ओढून धरले होते. ती मुलगी खडूने फरशीवर घर काढत होती. घराला सात खिडक्या होत्या, म्हणून पुष्पलताबाई थांबल्या होत्या आणि त्यांनी तिला नाव विचारले होते. एवढेच.

"कवापासून पाहून राहिली मी," ती बाई म्हणाली. "एकेक घर न्याहाळत येऊन राहिली ही. परसों मेसेज आया था ना ग्रुप पे, बच्चे उठानेवाली औरतों का?"

कुणीतरी मोबाइल उंच धरून व्हिडिओ काढू लागले. कुणीतरी खांद्यावरची पिशवी ओढली. आत पाण्याची बाटली आणि बीपीच्या गोळ्या निघाल्या.

पुष्पलता रामटेके यांनी एकतीस वर्षे बाळंतिणींच्या वॉर्डात आयाचे काम केले होते. घर ते वॉर्ड, वॉर्ड ते घर. बसच्या खिडकीतून दिसेल तेवढेच नागपूर त्यांच्या वाट्याला आले. निवृत्तीनंतर एका दुपारी त्या कमाल चौकात भाजीला म्हणून गेल्या आणि भाजीवाल्यांना ओलांडून पुढे चालतच राहिल्या. तेव्हापासून रोजच. कधी इतवारी, कधी महाल, कधी पार गोकुळपेठ. काही घ्यायचे नसे, कुणाला भेटायचे नसे. नुसते पाहायचे. आज त्या इंदोऱ्यावरून जरीपटक्याच्या बाजारात आल्या होत्या आणि मागच्या गल्लीत वळल्या होत्या.

"आधार कार्ड दाखव," मागून कुणीतरी एकेरीवर आले. एका हाताने त्यांचा दंड धरला.

खरे सांगून भागणार नाही, हे त्यांना त्या हाताने कळले.

"कवडूभाऊकडं जायचं हाय मले," त्या म्हणाल्या. वॉर्डात या नावाचा एक चौकीदार होता, त्याला जाऊन कितीतरी वर्षे झाली होती. तोंडात आले ते नाव त्यांनी सांगितले.

"कवडू टेलर?" हेल्मेटवाला म्हणाला. "मग आधी काहून नाही सांगितलं? चला, दाखवतो."

या गल्लीत खरेच कुणी कवडू असेल, हे पुष्पलताबाईंच्या ध्यानीमनीही नव्हते. सगळा घोळका त्यांच्याबरोबर निघाला. मोबाइलही निघाला. एका निळ्या दारावर थाप पडली आणि कुबडीचा आवाज जवळ आला. दार उघडणारा म्हातारा सत्तरीचा होता. त्याचा एक पाय गुडघ्यापासून नव्हता. त्याने आधी पुष्पलताबाईंचा चेहरा पाहिला, मग त्यांच्या दंडावरचा हात.

"आली का वं?" तो म्हणाला. "सकाळपासून वाट पाहून राहिलो ना मी. सोड गा तिले. माही पाहुणी हाय."

आत गेल्यावर त्याने कडी लावली आणि पाणी दिले. पुष्पलताबाईंनी पेला एका दमात रिकामा केला.

"खरं कुठं चालली होती, बाई?"

"कुठंच नाही, भाऊ. निघते अन् चालते."

तो हसला नाही. "साखरेच्या बिमारीनं पाय गेला माहा. दोन वर्षं झाली, गल्लीच्या बाहेर गेलो नाही. काय काय पाहिलं आज?"

असे त्यांना कुणीच कधी विचारले नव्हते. त्यांनी अडखळत सांगितले: बंद पडलेल्या टायपिंग क्लासची पाटी, उसाच्या चरकाखाली झोपलेले कुत्रे, बँडवाल्यांचे लाल कोट दोरीवर वाळत घातलेले.

"बटणं किती होती कोटाले?"

"सहा. एकाचं एक तुटलं होतं."

"तिसरं," कवडूभाऊ म्हणाले. "पोटावर येते ना, तेच तुटते." आणि पहिल्यांदा दोघेही हसले. "येत जा वं. मले सांगत जा."

पुष्पलताबाई घरी पोचण्याआधीच गल्लीतला व्हिडिओ घरी पोचला होता. मुलगा जितेंद्र ऑफिसातून लवकर आला होता.

"त्यायनं हात उचलला असता तर, आई?"

"मी काय केलं रे?"

"काहीच नाही केलं, तेच तर! बाई काही काम नसताना रस्त्यानं काहून फिरते, लोकाईले काय सांगू मी?" तो रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. म्हणून पुष्पलताबाई उलटून बोलल्या नाहीत.

आठ दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी स्टीलचा जेवणाचा डबा पिशवीत घातला, रिकामाच, आणि जितेंद्र गेल्यावर बाहेर पडल्या.

एका नव्या इमारतीसमोर चौकीदाराने हटकले. त्यांनी पिशवी थोडी उचलली. "पेशंटचा डबा हाय."

"जा, मावशी, जा." त्याने हाताने वाटसुद्धा करून दिली.

जरीपटक्याच्या बाजारामागे त्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबल्या. निळे दार तिथून दिसत नव्हते. ओट्यावर बायका बसल्या होत्या. पुष्पलताबाईंनी पदर सारखा केला, एक पाऊल टाकले आणि मागे घेतले. मग त्या सरळच निघून गेल्या.

पुढच्या रस्त्यावर रिकाम्या डब्यातली वाटी पावलापावलाला खडखडू लागली. त्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या, कमरेचा रुमाल काढला, घडी करून वाटीभोवती गच्च बसवला आणि झाकण दाबले. आवाज थांबला. उठून त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि कुणाच्या तरी जेवणाला उशीर होत असावा, तशी झपाझप पावले टाकायला सुरुवात केली.