बदललेले दाणे

रविवारी सकाळी इंदिरानगरातल्या गायधनी सरांच्या हॉलमध्ये निम्मी सोसायटी जमली होती. चपला जिन्यापर्यंत गेल्या होत्या. सगळ्यांचे डोळे सरांच्या कॉम्प्युटरकडे लागले होते. स्क्रीनवर एक लाल ढाल लुकलुकत होती आणि तिच्याखाली आकडा चढत होता. तीनशे नव्वद, चारशे दोन, चारशे तेरा.

"चारशे तेरा व्हायरस," चेअरमन खंडेराव म्हणाले, "आणि आपल्याला पत्ताच नाही. बघा, कसं एकेकाला हुडकून काढतंय."

खंडेरावांच्या आवाजात चक्क भक्तिभाव होता. तो यावा असंच सगळं घडत होतं. हा प्रोग्रॅम कोणी बोलावलं नसताना प्रकट झाला होता, कोणाला दिसत नाही ते त्याला दिसत होतं, आणि उताराही नेमका त्याच्याकडेच होता. बडबडही थेट बुवाची. तुमचा कॉम्प्युटर गंभीर धोक्यात आहे. उशीर करू नका. दुसऱ्या कोणाच्या नादी लागू नका. आमची पूर्ण आवृत्ती विकत घ्या, तासाभरात सगळं निवळेल. समोरच्या काकूंनी मॉनिटरला लिंबू-मिरची बांधायचं सुचवलं, तेव्हा सरांच्या पत्नी मंगलाबाईंनी त्यांच्या हातात चहाचा कप देऊन विषय संपवला.

एरवी या लिंबू-मिरचीवर सावळीराम गायधनी सरांनी अर्धा तास घेतला असता. विज्ञानाचे निवृत्त शिक्षक ते. नारळातून आग काढणारे, हवेतून अंगारा काढणारे किती बुवा त्यांनी जिल्हाभर उघडे पाडले होते. पण आज त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ढालीखालची एकच ओळ ते पुन्हा पुन्हा वाचत होते. तुमच्या खासगी फायली या क्षणी दुसऱ्याच्या हाती जात आहेत.

त्या कॉम्प्युटरमध्ये बारा जणांच्या जबान्या होत्या. भगत-मांत्रिकांविरुद्ध बोललेल्या बारा माणसांच्या, नाव-गावासकट. त्यातली एक मैनाची.

मैना सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर राहायची. तीन वर्षांपूर्वी तिथे देवरामचा मुलगा तापाने फणफणला होता. आजाऱ्यावरून तांदूळ ओवाळायचे, पुडीत बांधून भगताकडे न्यायचे, आणि भगताने ते दाणे ताटलीत मांडून दोष कोणाचा ते सांगायचं, अशी तिकडची रीत. चिमाजी भगताने दाणे पाहिले आणि धोंडाबाईचं नाव घेतलं. चौथ्या दिवशी मूल गेलं. लोकांनी त्या विधवेला डाकीण म्हणून मारलं, तिचं घर मोडलं आणि तिला पाड्याबाहेर काढलं.

पुढे मैनाने सरांना गुपचूप सांगितलं, की ते दाणे त्या मुलावरून ओवाळलेले नव्हतेच. पुडी घेऊन गेली होती तीच. ओढा ओलांडताना पुडी पाण्यात पडली. परत जायला उशीर होईल म्हणून तिने दुकानातले मूठभर तांदूळ बांधून नेले. चिमाजीला त्या तांदळातही धोंडाबाई दिसली. तुमचं नाव कधी बाहेर येणार नाही असा शब्द सरांनी तिला दिला होता.

आता तो शब्द मोडला, असं सरांना वाटलं. इंटरनेटवरून चोरलेली फाइल डोंगरातल्या चिमाजी भगताला कशी मिळणार, हा साधा प्रश्न त्यांना सुचला नाही. त्यांची माजी विद्यार्थिनी ज्योत्स्ना सिडकोत कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. तिला त्यांनी फोन केला. ती म्हणाली, "सर, उद्या दुपारी येते. तोवर काही भरू नका, कशावर हो म्हणू नका."

पण उद्या दुपारपर्यंत धीर धरवेना. मैनाचा नवरा निफाडला द्राक्षबागेत कामाला होता, त्याच्यासाठी म्हणून तिने मोबाइल घेतला होता. सरांनी त्यावर फोन लावला. "मैनाबाई, तुमचं नाव बहुतेक फुटलंय. पोरीला घेऊन निघा. आत्ताच."

सोमवारी दुपारी मैना दारात उभी राहिली. एका हाताला सहा वर्षांची मुलगी, दुसऱ्या हातात गाठोडं. "कापलेलं भात शेतात तसंच टाकलं, सर," ती म्हणाली. "कोणाला काय नाय सांगितलं."

तिचा चेहरा पाहून सरांना स्वतःची लाज वाटली, पण भीती त्याहून मोठी होती. खंडेराव आपलं क्रेडिट कार्ड घेऊन आले होते. ते आकडे सांगत होते आणि सर एका बोटाने टाइप करत होते. मंगलाबाई म्हणाल्या, "अहो, ज्योत्स्ना येईपर्यंत तरी थांबा." सर थांबले नाहीत.

मैना मागे उभी राहून बघत होती. "सर, हा काय करतो?"

"आत कुठे काय घुसलंय, ते शोधतो."

"आणि काढायचं कसं, ते बी हाच सांगतो?"

"हो."

"पैसं घेऊन?"

सरांचं बोट कळफलकावर थांबलं.

"मग आमचा चिमाजीच की हा," मैना म्हणाली. "सर, मी दुकानातलं दाणं दिलं, तरी त्याला तेच दिसलं. तुम्हीच म्हणला व्हता, मैनाबाई, तुम्ही नकळत परीक्षा घेतली. मग ह्याला बी दुसरं दाणं देऊन बघितलं का?"

सर खुर्चीत मागे टेकले. बावीस वर्षं ते हेच शिकवत आले होते आणि दोन दिवसांत त्यांना ते एकदाही आठवलं नव्हतं. त्यांनी टाइप केलेले आकडे एकेक करून खोडले.

तेवढ्यात ज्योत्स्ना आली. दारातच तिने काय चाललंय ते ऐकलं आणि आधी इंटरनेटची वायर काढली. मग मैनाकडे वळून म्हणाली, "देऊ या दुसरे दाणे."

तिने बटण दाबून सीडीचा ट्रे बाहेर काढला. ट्रे रिकामा होता. सगळ्यांना दाखवून तिने तो आत ढकलला आणि त्या लाल ढालीला फक्त सीडीची जागा तपासायला सांगितलं. ढाल लुकलुकली. नावं सरकू लागली, आकडा चढू लागला. एकोणचाळीस व्हायरस सापडले. गंभीर धोका. उशीर करू नका.

"पण आत तर सीडीच नाही," खंडेराव म्हणाले.

"नाहीच. हा प्रोग्रॅम काही तपासतच नाही, काका. नावांची यादी लिहून ठेवलेली असते, ती सरकवतो आणि आकडा वाढवतो. घाबरवायचं आणि कार्डाचा नंबर काढून घ्यायचा, एवढंच त्याचं काम." ती सरांकडे वळली. "सर, हा आला कसा? काही डाउनलोड केलं होतं?"

"मराठीचा फुकट फॉन्ट," सर पुटपुटले. "मध्ये काहीतरी विचारलं. मी हो म्हटलं."

"म्हणजे दार आपणच उघडलं."

ज्योत्स्नाने कॉम्प्युटर बंद करून सेफ मोडमध्ये सुरू केला. त्यात मोजकेच आवश्यक प्रोग्रॅम चालू होतात, त्यामुळे ढाल उगवली नाही. निपचित पडलेली तिची फाइल ज्योत्स्नाने शोधून पुसली, सुरुवातीलाच तिला जागं करणारी नोंद काढली, आणि क्लासमधून सीडीवर आणलेल्या खऱ्या अँटिव्हायरसने सगळं तपासलं. दीड तास लागला. त्या ढालीचेच आणखी दोन तुकडे निघाले. चारशे तेरांपैकी एकही नाही.

"नावं बाहेर गेली असतील?" सरांनी विचारलं.

"तशी खूण दिसत नाही. पण शपथेवर नाही सांगू शकत, सर. असल्या जबान्या नेट असलेल्या कॉम्प्युटरवर ठेवूच नयेत."

हे सरांना लागलं आणि लागायलाच हवं होतं. तितक्यात मैनाचा मोबाइल वाजला. ती ऐकत राहिली. फोन ठेवून म्हणाली, "देवराम व्हता. म्हणतो, चिमाजी सांगत फिरतोय, मैना अशी न सांगता पळाली, म्हणजे तिच्यात बी काय तरी हाय."

हे काही व्हायरसने केलं नव्हतं. संशय आणला होता तो सरांच्या फोनने. मंगलाबाईंनी मैनाच्या मुलीला जवळ घेतलं.

मंगळवारी सकाळी सर आणि मैना दिंडोरी नाक्यावरून जीपने निघाले. मुलगी मंगलाबाईंकडे राहिली. पाड्यावर खळ्यात झोडणी चालू होती. त्यांना पाहून हात थांबले. चिमाजी भाताच्या भाऱ्यावर टेकून बसला होता.

सरांनी हात जोडले. "मैनाबाईंना मी पळवलं," ते म्हणाले. "माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक लबाड शिरला. घरात भुतं आहेत म्हणाला. मी शिकलेला माणूस, तरी विश्वास ठेवला आणि यांना फोन केला. चूक माझी आहे."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. सर पुढे बोलणार होते, पण मैना त्यांच्या पुढे आली. सरांनी तिला थांबवायला हात उचलला आणि पुन्हा खाली घेतला.

"देवराम," ती म्हणाली, "तुझ्या पोरावरून ओवाळलेलं दाणं ओढ्यात गेलं व्हतं. मी चिमाजीला दुकानातलं तांदूळ दिलं. त्यात त्याला धोंडाबाई दिसली."

चिमाजी उठून उभा राहिला. "देवाचं काम हाय ते. तांदूळ कुठलं का असंना."

"मग ओवाळायचं कशाला?" मैनाने विचारलं.

देवराम हातातली पेंढी तशीच धरून उभा होता. धोंडाबाईवर पहिला हात त्यानेच टाकला होता. त्याने विचारलं, "तवाच का नाय सांगितलं?"

"भ्याले," मैना म्हणाली.

"मीही भ्यालो," सर म्हणाले.

"मंग धोंडाबाईनं काय केलं व्हतं?" देवरामने विचारलं.

"काही नाही," सर म्हणाले. "पोराला ताप होता, देवराम. त्याला दवाखान्यात न्यायला हवं होतं."

देवराम खाली बसला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बुवा पकडल्यावर वाजतात तशा टाळ्यांची सरांना सवय होती, पण त्या दिवशी त्यांना त्या नको होत्या.

सांगायचं ते एवढंच. संकट दाखवणारा आणि त्यावरचा उपाय विकणारा एकच असेल, तर थोडं थांबा. तो भगत असो नाहीतर स्क्रीनवरची लाल ढाल असो, त्याला आधी रिकामी ताटली द्या. रिकाम्या ताटलीतही त्याला दोष दिसला, तर दोष तुमच्या घरात नाही. आणि ही परीक्षा भीती वाटते तेव्हाच घ्या, कारण नंतर घेतली तर मोडलेलं घर उभं राहत नाही. त्याच संध्याकाळच्या जीपने देवराम धोंडाबाईला परत आणायला तिच्या भावाच्या गावी गेला. ती त्याच्याबरोबर आली नाही.