बिनतेलाचं तैलचित्र

मी 'तैलचित्र' बोलतोय. भिंतीवर टांगतात ते नव्हे, फोटोवाल्याच्या फोनमधला एक इफेक्ट. अंगाला कधी तेलाचा थेंब लागलेला नाही, पण नाव तैलचित्र. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

माझा जन्म एका थंडगार ऑफिसात झाला. मला घडवणाऱ्यांपैकी एकानेही शाळा सुटल्यापासून कुंचला हातात धरला नव्हता. त्यांनी मला एकच विद्या शिकवली. फोटोतलं बारीकसारीक गिळायचं, शेजारशेजारचे रंग कालवायचे आणि उरेल त्याला कुंचल्याचे फटकारे म्हणायचं. माझा शेजारी 'जलरंग' हाच धंदा करतो, पण जरा रडका आहे. सगळं ओलं करून ठेवतो.

माझ्या मालकाचा स्टुडिओ शहरातल्या सगळ्यात जुन्या गल्लीत आहे. पूर्वी तो ओळखपत्रांचे फोटो काढायचा. "हनुवटी वर, हसू नका," एवढंच दिवसभर बोलायचा. मग लोक घरीच भिंतीला टेकून आपापले फोटो काढायला लागले आणि हा माश्या मारत बसला. अशाच एका रिकाम्या दुपारी त्याने समोरच्या घराचा फोटो काढला आणि सहज मला बोट लावलं.

मी जीव तोडून काम केलं. उडालेल्या रंगाचं सोनेरी ऊन केलं. तारांचं जंजाळ आभाळात विरघळवलं. ओल आलेली भिंत तर अशी खुलवली की ती मलाच ओळखू येईना.

"आयला, हे आपल्या गल्लीत आहे?" मालक म्हणाला आणि दार उघडून खात्री करून आला.

चित्रं भराभर खपायला लागली. माणसं मोठी गमतीची. राहायला लिफ्टचं घर हवं आणि दिवाणखान्यात टांगायला पडकं. गल्लीतून नाक दाबून यायचं आणि स्टुडिओत शिरलं की "काय वातावरण आहे हो!" म्हणायचं. दुरून डोंगर साजरे म्हणतात ना, तेवढं दूर मी त्यांना बसल्या जागी नेऊन ठेवायचो.

सगळ्यात जास्त मागणी समोरच्या घराच्या लाकडी सज्ज्याला. तिथे मालकाची थोरली बहीण राहते. ताई शिवणकाम करते. खोल्यांत उजेड नाही, म्हणून मशीन सज्ज्यात. मशीन सुरू केलं की सज्जा हलायला लागायचा.

"अरे, फळ्या कुजल्यात," ती भावाला सांगायची. "एक दिवस मशीनसकट खाली येईन मी."

"करतो गं काहीतरी," तो म्हणायचा आणि सज्ज्याच्याच चित्राला चौकट बसवत राहायचा.

इतक्या जुन्या घराला हात लावायचा तर सरकारी परवानगी लागते. अर्ज गेला. साहेबांनी सज्ज्याची दुरवस्था दाखवणारे फोटो मागवले. घरचाच फोटोवाला असताना अडचण कसली? त्याने कुजक्या फळ्या, भेगा, सुटलेला कठडा, सगळं नीट टिपलं. आणि मग त्याची बोटं वळवळली. "साहेबांकडे जायचेत, जरा उठाव आणतो," असं म्हणत त्याने प्रत्येक फोटोवर मला सोडलं. मी तरी काय करणार? भेग दिसली की ती भरायची, हा माझा स्वभावच.

साहेबांचं उत्तर आलं. 'सज्जा अप्रतिम आहे. त्याला खिळासुद्धा ठोकू नये.' वर आपल्या खोलीत लावायला एक मोठी प्रत मागवली होती.

ताईने ते वाचून भावाकडे पाहिलं. "सख्खा भाऊ ना रे तू माझा? की वैरी?"

मालक डोकं खाजवत राहिला.

"त्या साहेबांना बोलाव," ती म्हणाली. "म्हणावं, चित्रातल्या सज्ज्यात तुमचाही फोटो काढू."

साहेब लगेच आले. कडक इस्त्री, चकचकीत बूट. "वा, वा!" करत सज्ज्यात शिरले, ऐटीत कठड्याकडे सरकले, तोच फळी मोडली आणि साहेबांचा एक पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. बूट सुटून गल्लीत पडला. ताईने त्यांची कॉलर घट्ट धरली.

"साहेब, दुरुस्तीला परवानगी आहे का?"

"आहे, आहे! अहो, आधी वर ओढा!"

"लेखी?"

"लेखी देतो बाई!"

मालकाने तेवढ्यात फोटो काढलाच. तिथे माझी गरज पडली नाही. साहेबांच्या तोंडावरचे सगळे रंग आधीच कालवले गेले होते.

दुरुस्ती झाली. वर नव्या फळ्या, खाली लोखंडी टेकू. ताई निर्धास्तपणे मशीन चालवायला लागली. पण गिऱ्हाइकं कुरकुरली, टेकूंनी मजा घालवली म्हणाली. मग मालकाने नवा फोटो काढला आणि माझा जोर कमी-जास्त करायची पट्टी थेट शंभरावर नेली. मी टेकू पुसले, फळ्या पुन्हा जुनाट केल्या. खोटं कशाला बोलू, माझं आजवरचं ते सर्वांत सुंदर काम होतं. मालक कौतुकाने ते दाखवायला ताईकडे गेला.

तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"छान आहे. मी कुठाय?"

"ही काय, मशीनवर बसलीयेस."

"हा पिवळा ठिपका?"

"लांबून काढलाय ना ताई. चित्रात असंच दिसतं."

"बरं," सुईत दोरा ओवत ती म्हणाली. "म्हणजे त्या दिवशी फळी माझ्या पायाखाली मोडली असती, तर तू म्हणाला असतास, ठिपका पडला."

मला आधी राग आला आणि मग, इफेक्टला येते तेवढी, लाज वाटली.

तो तिच्या जिन्यात बसला. माझी पट्टी बोटाने धरून मागे ओढू लागला. मी विरत गेलो. टेकू आले, तारा आल्या. पिवळ्या ठिपक्याला आधी खांदे आले, मग मान, मग नाकावर घसरलेला चष्मा. दातांत दोरा धरून ताई भावाकडे बघून हसत होती. फोटो काढताना त्याला ते दिसलंच नव्हतं. त्याने सगळा वेळ सज्जाच बघितला होता.

तो फोटो आता स्टुडिओत लावलाय. मी आहे त्यात, पण शून्यावर. गिऱ्हाइकं विचारतात, हा विकायचा का, आणि मालक नाही म्हणतो.

तुमच्या फोनमध्येही मी असेन. मला जरूर वापरा, रिकामं बसणं मलाही आवडत नाही. फक्त बोट लावण्याआधी फोटो एकदा मोठा करून बघा. त्यात कुणी तुमच्याकडे बघून हसत असेल, तर मला हात लावू नका.