एक नंबरचे दोन मानकरी

सन छप्पनच्या सुमारास पनवेलात टेलिफोन आले. एकूण दहा. त्यातल्या एक नंबरसाठी दोन माणसं हट्टाला पेटली.

भातगिरणीवाले कमळाकरशेठ म्हणाले, "एक नंबर माझा. नाहीतर तक्रार करीन."

मिठाचे व्यापारी धर्मराजशेठ म्हणाले, "कमळाकरला दहावा द्या. तोही उपकार. एक माझा, नाहीतर तक्रार."

मधे सापडला बुधाजी. तारा जोडणारा, तीन वर्षं रोजंदारीवर. सोमवारी टेलिफोन खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. तक्रार नसेल तर बुधाजी कायम. असेल तर परत बापाच्या मिठागरात, पोटऱ्यांना भेगा पाडून घ्यायला.

"चिठ्ठ्या टाक," ऑपरेटर वेणूताई चणे चघळत म्हणाली.

"हरंल तो बोंबलंल ना, ताई!"

गंध

बुधाजीच्या बहिणीच्या लग्नात दोन मामा पहिल्या गंधावरून मांडवात भांडले होते. जेवणं अडली. शेवटी बापाने दोन्ही हातांची बोटं गंधात बुडवली आणि दोन्ही कपाळांवर एकदम टेकवली. मामा जेवले. भरपूर जेवले.

पट्टी

एक्सचेंजमध्ये बुधाजीने कमळाकरशेठच्या तारांची जोडी सोलली. धर्मराजशेठची सोलली. तारेला तार पिळली आणि दोन्ही जोड्या नंबरांच्या पट्टीवर एक नंबरच्या स्क्रूंखाली दाबून आवळल्या. दोन नंबरचे स्क्रू मोकळे राहिले.

"हे चालेल?" वेणूताई.

"मामांचं चाललं."

शुक्रवार

धर्मराजशेठ मुंबईच्या डॉक्टरला आपल्या मूळव्याधीची हकीकत सांगत होते. सविस्तर. गिरणीत कमळाकरशेठ रिसीव्हर कानाला लावून बसले होते, चहा निवून गेला तरी.

शनिवार

कमळाकरशेठ कुणाला तरी सांगत होते की तांदळाच्या पोत्यामागे शेरभर खडे पुरेत, जास्त घातले तर गिऱ्हाइकाच्या दाताला लागतात. धर्मराजशेठ उभ्याउभ्या ऐकत होते. बसणं त्यांना जमत नव्हतं.

तक्रार एकाचीही आली नाही.

सोमवार

साहेबांनी स्वतः एक नंबर लावला.

"हॅलो!" दोन आवाज.

"कोण बोलतंय?"

"कमळाकर."

"धर्मराज."

मूळव्याध एकीकडे, खडे दुसरीकडे. कुणी काय काय ऐकलं असेल याचा हिशोब दोन्ही डोक्यांत एकाच वेळी लागला.

"लाइन उत्तम आहे," कमळाकरशेठ मऊपणे म्हणाले.

"फारच उत्तम," धर्मराजशेठ म्हणाले.

साहेबांनी पट्टीचं झाकण काढलं. स्क्रूंखाली तारांची गर्दी.

"हे काय रे?"

"मान हाय, सायेब. दोगांचा."

साहेबांनी एका हातात रिसीव्हर धरून दुसऱ्याने स्क्रू ड्रायव्हर उचलला. "यातला एक मी दोन नंबरवर नेतो."

"कुणाला?" रिसीव्हरमधून दोघे एकदम ओरडले. "साहेब, तुमचं पूर्ण नाव काय? दिल्लीला लिहायचं आहे."

साहेबांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. झाकण लावलं. रुमालाने मान पुसली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: तक्रार नाही. एक नंबरची जोडणी नाजूक. दुसऱ्या कुणी हात लावू नये. देखरेखीस हाच माणूस कायम ठेवावा.

बुधाजीने ते दोनदा वाचून घेतलं. मग साहेबांच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"झालं, शेठ. ठेवा आता."

"आधी त्याला ठेवायला सांग," दोघे म्हणाले.