वलीभाईंचा अकीक

वलीभाईंच्या या खडे शोधायच्या खुळाला त्यांच्या बायकोनं, ताहेरुन्निसानं, पंधरा वर्षं नावं ठेवली. आणि पंधरा वर्षं दर शुक्रवारी पाण्याची बाटली घेऊन ती त्यांच्यामागं वाळवंटातही गेली. कोरडा गोटा काही सांगत नाही हो. पाणी पडलं की मगच त्याचा रंग कळतो. ती पाणी ओतायची, हे खडा उन्हाकडं धरून बघायचे. तिच्या अंगठीसाठी अकीक, तो लाल खडा, आपणच शोधायचा, दुकानातला नको, हा यांचा हट्ट. सापडेल तो खडा नेमका तडकलेला. "मी मरायच्या आत तरी मिळू द्या," ती चिडवायची. मार्चमध्ये ती गेली. दोहाच्याच मातीत तिला ठेवली.

आता नोकरी संपली होती. रविवारी विमान, मग रत्नागिरी, लेकीकडं कायमचं. या शेवटच्या शुक्रवारी बाटली धरायला दोहाबाहेरच्या उम्म सलालमधले त्यांचे शेजारी गोविंदराव आले, तेही "गारगोट्या वेचायला एवढं पेट्रोल!" असं कुरकुरत.

दहाच्या सुमारास सापडला. बोराएवढा, लालबुंद, एकही तडा नाही.

वलीभाई मटकन खाली बसले. "आत्ता? आत्ता सापडतोस होय रे मेल्या?" म्हणाले आणि ढसाढसा रडले.

गोविंदरावांनी बाटलीचं झाकण लावलं. "हनियाला अंगठी करा. लेकच आहे."

"तिच्या आईचा आहे तो."

तिथून दोघं तडक कबरस्तानात गेले. ताहेरुन्निसाच्या कबरीवर नाव नव्हतं, नुसता नंबर, आणि वर खडीच खडी. वलीभाईंनी फातिहा वाचली, खडा उशाशी ठेवला, बाटलीतलं उरलेलं पाणी ओतलं. खडा निखाऱ्यासारखा फुलला. पण ऊन असं, की दोन मिनिटांत वाळून खडीत मिसळून गेला. वलीभाईंचा चेहरा पडला. परवापासून इथं पाणी घालणार कोण? आणि एवढ्या खडीतला तो नेमका ओळखायला सांगायचं तरी कुणाला?

गोविंदराव उठून गाडीतून दुसरी बाटली घेऊन आले. "दाखवू नका. मला शोधू द्या."

गुडघे टेकून ते एकेक खडा भिजवत गेले. पहिला चुकला. दुसराही चुकला. तिसरा लाल झाला.

"हाच ना?"

वलीभाईंनी मान डोलावली.

"मग खलास, ठरलं. दर शुक्रवारी येत जाईन," गोविंदराव म्हणाले. "वहिनींना तेवढं सांगून ठेवा, मला जरा वेळ लागेल."