उताराची चावी

“...आन् सुटलो जो सरळ,” चहाचा ग्लास उंच धरून कडूबा सांगत होता, “ते थेट फर्दापूरच्या एसटीत! कंडक्टर म्हनला, तिकीट काढा. म्या म्हनलं, बाबा रं, म्या चढलोच नाय, घसरत आत आलोय!”

टपरीवरची माणसं ठसका लागेस्तोवर हसली. टपरीवाल्या कृष्णानं विचारलं, “खरं सांग, त्या उतारावर एकदा तरी बसलास का?”

“रोज बसतो.”

कडूबा एकदाही बसला नव्हता. शहरातल्या एका शेठनं त्या डोंगरावर ब्रशासारख्या पांढऱ्या प्लास्टिकच्या चटया अंथरून ‘बर्फ’ केला होता. बेचाळीस डिग्रीच्या उन्हात संभाजीनगरची माणसं पायाला पट्ट्या बांधून नाहीतर रबरी ट्यूबेत बसून त्यावरून किंचाळत खाली यायची. चटई ओली असली तरच माणूस घसरायचा. कोरडी असली की तिथंच रुतायचा आणि वर कातडी सोलून निघायची. ती भिजवायचं काम कडूबाचं. टाकी डोंगरमाथ्यावर, टाकीला पाणी सोडायचा वाल; तो चावीनं उघडला की चटईवर फवारे उडायचे. दुपारी एक ते तीन उतार बंद असायचा, तेव्हा शेळ्यावाले वाल उघडून अंघोळी करायचे. म्हणून कडूबा वालाची चावी काढून करदोड्याला बांधायचा आणि चहाला खाली यायचा. शेठला हे ठाऊक नव्हतं.

फोन वाजला. उतारावर घसरायला शिकवणारी गजाला होती.

“मामा, चावी किधर है? गवत पेटलंय! पायऱ्यांपर्यंत आग आली. वर जेवायला थांबलेली आठ लोकं अडकलीत, आन् मामी बी हाय!”

मामी म्हणजे कडूबाची बायको, रत्नमाला. ती माथ्यावर पिठलं-भाकरी विकायची. कडूबाचा हात कमरेला गेला. चावी पोटाला थंडगार लागली.

कृष्णानं मोटरसायकल काढली. मागं बसलेला कडूबा वाटभर करदोड्याची गाठ सोडत होता.

पायथ्याशी पोहोचले तेव्हा पायऱ्या धुरात गेल्या होत्या. उताराच्या दोन्ही अंगांना गवत तडतडत होतं आणि मधे वीस फूट रुंदीची पांढरी पट्टी तेवढी शिल्लक होती. कडेच्या चटया वितळून गळत होत्या. कडूबानं चपला फेकल्या आणि अनवाणी चढायला लागला. कोरडी चटई पाय धरत होती, हे एक बरं होतं. एकदा पाणी सोडलं की तिच्यावरून वर कुणालाच जाता येणार नव्हतं.

वर पोचल्यावर चावी वालात बसेना. गजालानं त्याचं मनगट घट्ट धरलं. “सावकाश, मामा.” वाल कुरकुरला आणि फवारे सुटले.

रबरी ट्यूबा नऊच होत्या. एकेक करून आठ पाहुणे सुटले. नवव्या ट्यूबेजवळ गजाला अडून उभी राहिली.

“मामी, तुम्ही बसा.”

“तू हो पुढं, पोरी. तुझ्या अम्मीला काय सांगू मी?” रत्नमालानं तिला ढकललंच.

मग ती नवऱ्याकडं वळली. “चावी घिऊन चहा पेत बसला व्हता?”

“व्हय.”

“आता उतरायचं कसं? माझा गुडघा वाकत नाय. तुम्ही तर रोज घसरता म्हनं.”

“म्या कधीच घसरलो नाय, रत्ना.”

“मला काय ठाव नाय व्हय?” असं म्हणत तिनं पितळी परातीतलं पीठ जमिनीवर ओतलं.

परातीत ती बसली. कडूबा मागं चटईवरच टेकला, दोन्ही हातांनी परातीचा काठ धरला आणि पायानं रेटा दिला. पाइप वितळत होते तसे फवारे डावीकडून एकेक करून बंद पडत चालले होते. निम्म्या वाटेवर पाणी संपलं. परात मात्र वेगानं खाली गेली आणि कडूबा तिच्यामागं कोरड्या चटईवरून फरफटत गेला. त्यानं काठ सोडला नाही.

माणूस एकही दगावला नाही. डोंगर काळा झाला, बर्फ वितळून दगडांना चिकटला. शेठनं पाटी उतरवली आणि सगळ्यांना घरी बसवलं. परात मागून पार खरवडली होती, पण रत्नमाला तिच्यातच पीठ मळायची. चुलीपाशी एकदाच म्हणाली, “ती चावी टाका आता कुठं तरी.” कडूबानं ती पुन्हा करदोड्याला बांधली.

तीन आठवड्यांनी तो टपरीवर आला. माणसं सरकली, बाकावर मधोमध जागा झाली.

“बस की, कडूबा,” कृष्णा म्हणाला. “लई दिवस वाट बघतोय. सांग, कसा उतरलास?”

“कसा म्हंजे? पायऱ्यांनी.”

“पायऱ्या तर पेटल्या व्हत्या!”

“थोड्या ऱ्हायल्या व्हत्या.”

कुणी हसलं नाही. कडूबानं उभ्यानंच चहा घेतला. एका हातात ग्लास होता आणि दुसरा सदऱ्याखाली कमरेशी, जळून गेलेल्या वालाच्या चावीवर.